लोखंडाची परीक्षा : 'ग्रेट ब्रिटन' आगबोटीचा अपघात आणि तिची सुटका

२२ सप्टेंबर १८४६ रोजी सकाळी 'ग्रेट ब्रिटन' ही आगबोट १८० उतारू घेऊन लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाण्यासाठी निघाली. त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास ती आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डंड्रम उपसागरात वाळूवर चढली. जगातील त्या वेळची ही सर्वांत मोठी नौका होती. तिचे ते रुतणे पुढे अकरा महिने टिकले. प्राणहानी एकही झाली नाही. सकाळी ओहोटी लागल्यावर उतारू वाळूवर उतरले आणि शेतकऱ्यांच्या गाड्यांत बसून कोरड्या जमिनीवर पोहोचले. इतक्या मोठ्या अपघाताचा इतका साधा शेवट व्हावा याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले असणार. परंतु खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. जहाज तेथेच होते, हिवाळा जवळ येत होता आणि एवढे मोठे लोखंडी जहाज उघड्या किनाऱ्यावर वादळांना किती दिवस तोंड देऊ शकेल, याचा अनुभव जगात कोणालाच नव्हता.

या अपघाताचा विचार सामान्यतः ब्रुनेल या स्थापत्यविशारदाच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून केला जातो. ते चुकीचे नाही. मात्र त्याचे शास्त्रीय महत्त्व अन्यत्र आहे. १८४६ साली लोखंडी जहाजांविषयी दोन प्रश्न अनिर्णीत होते. लांबलचक लोखंडी सांगाडा मोठ्या आघातांत टिकेल काय, हा पहिला. आणि लोखंडाने वेढलेल्या होकायंत्रावर खलाशाने कितपत विसंबावे, हा दुसरा. डंड्रमच्या वाळूवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्विवादपणे मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मात्र मिळाले नाही. आणि ते न मिळाल्याची किंमत पुढील काळात इतर जहाजांवरील माणसांना द्यावी लागली.

लोखंडाची निवड का झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ब्रिस्टलच्या ग्रेट वेस्टर्न स्टीमशिप कंपनीने १८३८ साली 'ग्रेट वेस्टर्न' ही लाकडी आगबोट अटलांटिकवर आणली. तिची लांबी २३६ फूट होती. लाकडी बांधणीत याहून फार पुढे जाणे कठीण होते. जहाज लाटेवर असताना कधी त्याच्या मध्यभागाला आधार मिळतो व दोन्ही टोके खाली झुकू पाहतात, तर कधी टोकांना आधार मिळून मध्यभाग लोंबू लागतो. म्हणजे जहाज ही एक प्रचंड तुळईच होय. आकाराने सारखी, पण लांबीने दुप्पट असलेली नौका बांधली, तर तिचे वजन आठपट होते आणि तिला वाकविणारा परिणाम सोळापट होतो. तिच्या छेदाची वाकण्यास प्रतिकार करण्याची शक्ती मात्र आठपटच वाढते. अर्थात, द्रव्यावर पडणारा ताण लांबीच्या प्रमाणात वाढत जातो. लाकडी नौकेत हा ताण फळ्यांपेक्षा त्यांच्या सांध्यांना अधिक जाचतो. खिळे व खुंट्या सैल होतात, फटी उघडतात आणि पाणी आत येते. तीनशे फुटांच्या आसपास लाकडाची मर्यादा संपते ती यामुळे.

लाकूड टिकत नाही म्हणून लोखंड आले, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही १८१७ सालची युद्धनौका दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगती ठेवलेली आहे. लाकडाचे वैगुण्य त्याच्या आयुष्यात नव्हते, तर त्याच्या सांध्यांत होते.

इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल याने कंपनीच्या दुसऱ्या जहाजाचा आराखडा प्रथम लाकडासाठीच केला होता. १८३८ साली 'रेनबो' नावाची एक लहान लोखंडी आगबोट ब्रिस्टल बंदरात आली, तेव्हा कंपनीचे ख्रिस्तोफर क्लॅक्स्टन आणि जहाजबांधणारे विल्यम पॅटर्सन यांना त्याने तिच्यातून अँटवर्पपर्यंत प्रवास करून येण्यास सांगितले. दोघांचे मत अनुकूल पडले आणि नवे जहाज लोखंडी करण्याचे ठरले. येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. त्याच वर्षी, त्याच 'रेनबो'वर ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज बिडेल एअरी हे होकायंत्राचे प्रयोग करीत होते. कारण लोखंडी कायेमुळे तिच्यावरील होकायंत्र इतके भरकटत असे, की त्याच्या भरवशावर खुल्या समुद्रात जाणे अशक्य होते. म्हणजे जिच्याकडे पाहून ब्रुनेलने लोखंडाचा स्वीकार केला, तीच नौका लोखंडाच्या दोषाचेही ठळक उदाहरण होती.

जुलै १८३९ मध्ये ब्रिस्टलच्या सुक्या गोदीत जहाजाचा कणा मांडला गेला. १९ जुलै १८४३ रोजी राजपुत्र अल्बर्ट याच्या उपस्थितीत ते पाण्यात उतरविण्यात आले. लांबी ३२२ फूट, रुंदी सुमारे ५० फूट. १८४० साली 'आर्किमिडीज' नावाचे मळसूत्री पंख्याचे जहाज ब्रिस्टलला आल्यावर ब्रुनेलने बाजूच्या चाकांची योजना रद्द करून पंख्याची योजना स्वीकारली, हे सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पंख्यापेक्षा जहाजाच्या तळाची रचना अधिक महत्त्वाची आहे. घडीव लोखंडाचे पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेटांनी जोडलेले होते. तळाशी जहाजाच्या लांबीच्या दिशेने दहा तुळया होत्या व त्यांच्यावर लोखंडी पत्र्यांची जमीन होती, त्यामुळे तळ हा एक पोकळ पण बळकट पेटारा बनला होता. पाच आडव्या पाणबंद भिंतींनी जहाजाचे सहा कप्पे पाडले होते. शिवाय दोन उभ्या भिंती लांबीच्या दिशेने जात होत्या. ही मांडणी जहाजबांधणीच्या परंपरेतून आलेली नव्हती. ती पुलांची तुळई रचणाऱ्याच्या मनातून उतरलेली होती. ब्रुनेल हा मूळचा रेल्वेमार्गांचा व पुलांचा माणूस, ही गोष्ट येथे कामी आली.

२६ जुलै १८४५ रोजी लिव्हरपूलहून निघून ही आगबोट पंधरा दिवसांच्या आत न्यूयॉर्कला पोहोचली. पहिल्या वर्षी पंख्याची पाती तुटणे वगैरे अडचणी आल्या. त्या पुढच्या हिवाळ्यात बऱ्याच अंशी दूर करण्यात आल्या. सप्टेंबर १८४६ मधील १८० उतारू ही तिला तोवर मिळालेली सर्वांत मोठी संख्या होती. लोकांचा विश्वास नुकताच बसू लागला होता.

त्या दिवशीचा बेत असा होता. लिव्हरपूलहून पश्चिमेस जाऊन मॅन बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालावयाचा आणि मग उत्तरेस वळून आयर्लंड व स्कॉटलंड यांमधील सामुद्रधुनीतून अटलांटिक गाठावयाचा. बेटाच्या दक्षिणेस काफ ऑफ मॅन या लहान बेटावर दीपगृह होते. तेच वळण घेण्याची खूण. रात्र काळोखी होती आणि पाऊस पडत होता. कप्तान जेम्स हॉस्कन याला समोर एक दिवा दिसला. तो त्याने काफचा समजला. वस्तुतः तो आयर्लंडच्या किनाऱ्यावरील सेंट जॉन्स पॉइंट येथील दिवा होता. जहाज हिशोबापेक्षा कितीतरी पुढे गेले होते आणि संपूर्ण आयरिश समुद्र ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला भिडण्याच्या बेतात होते.

सेंट जॉन्स पॉइंटचे दीपगृह १८४४ साली सुरू झालेले होते. आपल्याजवळच्या नव्या नकाशात त्याची नोंदच नव्हती, असे हॉस्कनचे म्हणणे पडले. हे कारण खरे असले तरी पुरेसे वाटत नाही. नकाशात एक दिवा नसल्याने नाविक गोंधळेल. परंतु जहाज तीस मैल पुढे कसे गेले, याचा उलगडा त्याने होत नाही. वेगाचा अंदाज चुकला हे उघड आहे. दिशेचाही चुकला काय, हा वादाचा विषय राहिला आहे. लोखंडी जहाजाचे चुंबकत्व दोन प्रकारचे असते. बांधणीच्या वेळी जहाजाचे तोंड ज्या दिशेला असते, तिला अनुसरून हातोड्यांच्या घावांखाली त्याच्या पत्र्यांत काही चुंबकत्व मुरते. आणि पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे दुसरे, प्रत्येक दिशेला बदलणारे चुंबकत्व त्यात उत्पन्न होते. एअरींनी पहिल्यावर उपाय म्हणून होकायंत्राजवळ कायम चुंबक बसविले आणि दुसऱ्यावर उपाय म्हणून मऊ लोखंडाचे तुकडे ठेवले. बंदरात ही पद्धत उत्तम चालते. परंतु पहिल्या प्रकारचे चुंबकत्व खरोखर कायम असते, हे तिच्यातील गृहीतच शंकास्पद होते. लाटांचे धक्के आणि यंत्रांची थरथर यांनी ते पहिल्या काही सफरींत झपाट्याने बदलते, ही गोष्ट पुढे सिद्ध झाली. 'ग्रेट ब्रिटन'चे होकायंत्र त्या रात्री किती अंशांनी चुकत होते हे ठरविण्यास साधन उरलेले नाही. त्यामुळे दोषाची वाटणी नकाशा, वेगाचा हिशोब, होकायंत्र आणि कप्तान या चौघांत करावी लागते. आणि सगळा भार कप्तानावर टाकणे न्याय्य ठरत नाही.

अपघाताची वेळ आणखी एका कारणाने वाईट होती. चांद्रगणितावरून पाहता २० सप्टेंबरला अमावास्या होऊन गेली होती, आणि २२ किंवा २३ सप्टेंबर हा विषुवदिनाचा सुमार. अमावास्येच्या व पौर्णिमेच्या मागोमाग येणारी उधाणाची भरती विषुवदिनाच्या आसपास वर्षातील सर्वांत मोठी असते. कोकणच्या किनाऱ्यावरील कोणताही तांडेल सांगेल, की भांगाच्या भरतीला रुतलेली होडी उधाणाला सुटते. पण उधाणालाच चढलेली होडी पुढच्या उधाणापर्यंत हलत नाही, आणि वर्षातील मोठ्या उधाणाला चढली तर तिची आशा कठीण. 'ग्रेट ब्रिटन'चे असेच झाले. शिवाय वाळूखाली खडक होते. त्यांनी तळाला भोके पाडली आणि प्रत्येक भरतीबरोबर पाणी जहाजात शिरू व उतरू लागले.

जहाज ओढून काढण्याचे पहिले प्रयत्न फसले. मग हिवाळ्यापुरते त्याचे रक्षण करावे, या हेतूने पॅटर्सनच्या देखरेखीखाली समुद्राच्या बाजूस लाकडी बंधारा घालण्यास प्रारंभ झाला. वादळाने तो वाहून नेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला. संचालकांचा धीर सुटत चालला. जहाज तेथल्या तेथे विकून टाकावे, निघेल ते लोखंड व यंत्रे काढून घ्यावीत, असे विचार बोलले जाऊ लागले. हा केवळ भित्रेपणा होता असे म्हणता येणार नाही. बांधणीसाठी कंपनीने सुमारे १,१७,००० पौंड खर्च केले होते आणि विमा होता अवघा १७,००० पौंडांचा. बुडत्या पैशामागे आणखी पैसा टाकावा काय, हा भागधारकांपुढील प्रश्न अगदी खरा होता.

ब्रुनेल डिसेंबरमध्ये डंड्रमला पोहोचला. जे दिसले त्याने तो संतापला. त्याने संचालकांना व क्लॅक्स्टनला जे लिहिले, त्यात संतापाइतकेच बारकाईने केलेले निरीक्षणही आहे. जगातील सर्वांत उत्तम नौका, जिची दुरुस्ती चारपाच हजार पौंडांत होईल, ती एखाद्या फुटक्या पातेल्यासारखी उघड्या किनाऱ्यावर टाकून दिली आहे, अशा आशयाची त्याची तक्रार होती. निरीक्षण असे की, तळाच्या काही भागांना इजा पोहोचली असली तरी जहाजाची एकंदर काया सरळ आहे. तिला पीळ पडलेला नाही, ती मध्ये वाकलेली नाही, वरच्या बाजूचे सांधे शाबूत आहेत. ही टिपणे या प्रकरणातील सर्वांत मोलाची होत. भरती-ओहोटीने व वादळांनी अडीच महिने उचलून आपटलेल्या, तीनशे फुटांहून अधिक लांब असलेल्या आणि जागोजागी खडकांवर टेकलेल्या नौकेची रेषा जर ढळली नसेल, तर तळाची ती दहा तुळयांची पेटी अपेक्षेप्रमाणे वागली, असा त्याचा अर्थ होतो. लाकडी जहाज अशा स्थितीत हिवाळाभर टिकले नसते, यावर जाणकारांत फारसा मतभेद नाही.

रक्षणाचा जो उपाय ब्रुनेलने सुचविला, तो वरवर पाहता अगदी गावंढळ होता. ताठ बंधारा लाटेशी झुंजतो आणि म्हणूनच मोडतो. तेव्हा बंधारा नको. फाट्यांच्या मोळ्या जाड थरांनी जहाजाच्या समुद्राकडील बाजूस रचाव्यात, साखळ्यांनी बांधाव्यात, वाळूच्या पोत्यांनी व दगडांनी दाबाव्यात. लाट या लवचिक ढिगाऱ्यात शिरेल, तिचा जोर त्यातच जिरेल आणि ढिगारा थोडासा हलून पुन्हा बसेल. जहाजाला घातलेले हे पोटीसच, असे त्याचे स्वतःचे वर्णन आहे. पाण्याच्या जोराला नमते घेऊन तो जिरविण्याचे तत्त्व ज्यांना आधुनिक किनारारक्षणाच्या शास्त्रातून परिचित आहे, त्यांना या मोळ्यांत काही नवल वाटणार नाही. १८४६ साली मात्र संचालकांना ती थट्टा वाटली असल्यास नवल नाही.

काम क्लॅक्स्टनकडे आले. सुरुवातीला मोळ्या टिकेनात. समुद्र त्या उचलून नेई. त्याने तसे कळविल्यावर ब्रुनेलने जे उत्तर दिले ते उद्बोधक आहे. उपाय चुकीचा आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही, तो पुरेशा प्रमाणात केलेला नाही एवढेच सिद्ध होते. जगातील बहुतेक अपयशे थोडे कमी केल्यामुळेच येतात, तेव्हा सहा मोळ्यांचा भारा पुरत नसेल तर वीस मोळ्यांचा टाका, असा त्याचा रोख होता. लंडनमध्ये बसून असे लिहिणे सोपे आणि डिसेंबरच्या समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते अमलात आणणे अवघड, हा भाग चरित्रकार सहसा विसरतात. क्लॅक्स्टनने ते अमलात आणले. त्याच्याबरोबर थंडीत मोळ्या वाहणाऱ्या मजुरांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. ढिगारा टिकला आणि जहाजाने हिवाळा काढला.

१८४७ च्या उन्हाळ्यात सोडवणुकीचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळील विक येथील जेम्स ब्रेमनर या वृद्ध अभियंत्याला त्याच्या मुलासह बोलावण्यात आले. रुतलेली जहाजे काढण्यात त्याचे आयुष्य गेले होते आणि अशी दोनशेहून अधिक जहाजे त्याच्या नावावर होती. येथे काम दुहेरी होते. तळाची भोके बुजविण्यासाठी जहाज आधी वर उचलले पाहिजे. आणि ते उचलल्याखेरीज वाळूतून बाहेर जाण्याइतके पाणीही त्याच्याखाली येणार नाही. यंत्रे व कोळसा यांच्यासह त्याचे वजन हजारो टन होते. ब्रेमनरपाशी वाफेची यंत्रे नव्हती. होत्या त्या तरफा, मळसूत्री जॅक, पाचरी, कप्प्यांवरून सोडलेल्या वाळूच्या जड पेट्या आणि समुद्राची भरती. भरतीने जहाज थोडे हलके होई. तेवढ्या वेळात ते तरफांनी व वजनांनी काही इंच उचलावयाचे, खाली पाचरी व दगड ठोकावयाचे आणि ओहोटीला ते त्या नव्या आधारावर टेकू द्यावयाचे. पुढच्या भरतीला पुन्हा तेच. खालून वाट मोकळी झाली तसे कारागीर आत शिरून तळावर पत्रे ठोकू लागले. पद्धत नवी नव्हती. तिचे प्रमाण नवे होते. शिवाय असे वारंवार उचलणे व टेकविणे सहन करणारी काया असल्याविना ती चाललीच नसती.

२७ ऑगस्ट १८४७ रोजी, पौर्णिमेनंतरच्या उधाणात, आरमाराने दिलेल्या 'बर्कनहेड' व 'स्कर्ज' या आगबोटींच्या मदतीने 'ग्रेट ब्रिटन' पाण्यावर ओढण्यात आली. पाणी आत येतच होते आणि माणसे पंपांवर जुंपलेली होती. त्याही स्थितीत ती लिव्हरपूलला नेण्यात यश आले.

सोडवणुकीचा एकंदर खर्च ३४,००० पौंड झाला, म्हणजे विम्याच्या रकमेच्या दुप्पट. कंपनीला तो झेपला नाही. १८४७ सालीच तिला आपली उत्पन्न देणारी 'ग्रेट वेस्टर्न' विकावी लागली. 'ग्रेट ब्रिटन' स्वतः गोदीत पडून राहिली आणि १८५० साली गिब्ज, ब्राइट कंपनीला बांधणीच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी किमतीत गेली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने जे निखळ यश, तेच व्यवहाराच्या दृष्टीने दिवाळे ठरले. ब्रुनेलचा आग्रह योग्य होता काय, या प्रश्नाचे उत्तर विचारणारा कोण आहे यावर अवलंबून राहते. ब्रिस्टलच्या भागधारकाने ते एक दिले असते. नव्या मालकांनी दुसरे दिले असते, कारण त्यांच्या हाती ही नौका पुढे सुमारे पाव शतक ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर हजारो स्थलांतरितांना ने-आण करीत राहिली. १८५७ च्या उठावाच्या वेळी तिच्यातूनच १७ व्या लान्सर्सचे सैनिक आयर्लंडमधील कॉर्क बंदरातून निघून त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस उतरले.

लोखंडी कायेविषयीचा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला. मात्र एका प्रयोगाचा निष्कर्ष किती ताणावा यालाही सीमा असते, हे तिला ओढून काढणाऱ्या 'बर्कनहेड'च्याच नशिबाने दाखविले. तीही लोखंडी होती. सैनिकांची ने-आण सोयीची व्हावी म्हणून तिच्या आडव्या पाणबंद भिंतींत वाटा पाडण्यात आल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८५२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ती खडकावर आदळली, कप्पे भराभर पाण्याने भरले आणि सुमारे ४५० माणसे बुडाली. बळ लोखंडात नव्हते, ते लोखंडाच्या रचनेत होते; आणि सोयीसाठी ती रचना मोडणाऱ्यांना हा फरक उमगलेला नव्हता.

होकायंत्राचा प्रश्न तर डंड्रमनंतर जवळजवळ होता तसाच राहिला. अपघाताची चर्चा नकाशातील वगळलेल्या दिव्याभोवती फिरली आणि त्यामुळे अधिक खोल कारण बाजूला पडले. २१ जानेवारी १८५४ रोजी 'टेलर' हे नवे लोखंडी शिडाचे जहाज लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियाला जाताना, अवघ्या दोन दिवसांच्या प्रवासानंतर, त्याच आयरिश समुद्रात डब्लिनजवळील लँबे बेटावर फुटले आणि तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. तिची होकायंत्रे एकमेकांशी जुळत नव्हती. त्यानंतर आर्क्टिक समुद्राचे जुने नाविक व पुढे धर्मोपदेशक झालेले विल्यम स्कोर्सबी यांनी एअरींच्या गृहीतावर उघड आक्षेप घेतला. नव्या लोखंडी जहाजाचे चुंबकत्व समुद्राच्या आघातांनी बदलते. तेव्हा बंदरात एकदा केलेल्या दुरुस्तीवर विसंबू नये आणि एक होकायंत्र लोखंडापासून दूर, डोलकाठीवर उंच ठेवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एअरींनी ते सहजासहजी मान्य केले नाही. वाद कडवट झाला. १८५५ साली लिव्हरपूलमध्ये या विषयासाठी स्वतंत्र समिती नेमली गेली, आणि जहाजांवर प्रत्यक्ष घेतलेल्या मोजमापांतून बदलत्या चुंबकत्वाचे नियम हळूहळू स्पष्ट होत गेले. डंड्रमच्या वाळूवर पडलेल्या जहाजाचे चुंबकत्व त्या अकरा महिन्यांत कोणी मोजले असते तर हे ज्ञान आठ वर्षे आधी मिळाले असते काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु तेथे त्या वेळी सर्वांचे लक्ष तळाच्या भोकांकडे होते, आणि ते स्वाभाविकही होते.

'ग्रेट ब्रिटन'ची एक दुसरी सुटकाही आहे, आणि तिची हकीकत येथे थोडक्यात देणे अप्रस्तुत होणार नाही. १८८२ साली यंत्रे काढून तिला शिडाचे मालवाहू जहाज करण्यात आले. १८८६ साली केप हॉर्नजवळ वादळात नुकसान झाल्यामुळे ती फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्लीच्या आश्रयाला गेली आणि तेथेच लोकर व कोळसा साठविण्याची वखार होऊन राहिली. १९३७ साली तिला स्पॅरो कोव्ह या निर्जन खाडीत नेऊन, तळाला भोके पाडून, उथळ पाण्यात बसविण्यात आले. १९६७ साली इव्हन कॉर्लेट या नौकाशास्त्रज्ञाने 'टाइम्स' पत्रात पत्र लिहून तिच्याकडे लक्ष वेधले, आणि जॅक हेवर्ड या धनिकाने खर्चाचा भार उचलला. १९७० च्या एप्रिलमध्ये तिला पाण्याखाली बुडविता येणाऱ्या एका तराफ्यावर घेण्यात आले. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत मोठी भेग पडलेली होती. ती बुजविण्याच्या कामी बेटावरील रहिवाशांनी दिलेल्या जुन्या गाद्या उपयोगी पडल्या. ब्रुनेलच्या मोळ्यांचे स्मरण येथे होते. तराफ्यावरून अटलांटिक ओलांडून ती ब्रिस्टलजवळ आली. एव्हन नदीतील शेवटचा प्रवास मात्र तिने स्वतःच्या तळावर तरंगत केला, आणि १९ जुलै १९७० रोजी, जलावतरणाला बरोबर १२७ वर्षे झाली त्या दिवशी, ती ज्या सुक्या गोदीत बांधली गेली होती तीत परतली.

पाण्याबाहेर काढल्यावर नवाच शत्रू पुढे आला. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड लोखंडाच्या गंजात खोलवर मुरलेले होते. हवेत दमटपणा असेपर्यंत हे क्लोराइड गंजण्याची क्रिया चालू ठेवते, वरून कितीही रंग दिला तरी. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी क्लोराइडयुक्त लोखंडाचे नमुने निरनिराळ्या आर्द्रतेत ठेवून असे दाखविले की, सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत खाली आणल्यास गंजण्याचा वेग अत्यल्प होतो. ब्रिस्टलसारख्या पावसाळी गावात इतकी कोरडी हवा निसर्गतः कधीच नसते. म्हणून २००५ साली जहाजाच्या जलरेषेच्या पातळीवर गोदीभर काचेचे छत घालण्यात आले. छतावर पाण्याचा पातळ थर खेळतो, आणि त्याखाली यंत्रांनी कोरडी केलेली हवा तळाच्या पत्र्यांभोवती सतत फिरविली जाते. गोदीत उतरणाऱ्यास डोक्यावर पाणी दिसते आणि समोर डंड्रमच्या खडकांवर अकरा महिने टेकलेला तो तळ.